शिकागोचं अनुदान आणि आपल्या भाकरीचं दुकान

पोळपाट (शिकागो)

मंडळी, माझी एक मैत्रीण शनिवार-रविवारी भाड्याच्या किचनमध्ये ज्वारीची भाकरी, पिठलं, भरली वांगी, खर्डा असा डबा करून विकते. गिऱ्हाईक चांगलं जमलंय. आता साउथवेस्ट साइडला एक बंद पडलेलं टाकेरिया (मेक्सिकन टाकोचं हॉटेल) भाड्यानं मिळतंय, आणि तिच्या कानावर आलंय की अशा वस्तीत दुकान काढणाऱ्याला शिकागो शहर अडीच लाख डॉलरपर्यंत अनुदान देतं. बाई हरखून गेली आहे. मला हरखण्याआधी कागद वाचायची खोड, म्हणून मिळालं ते सगळं वाचून काढलं, एका माहिती-बैठकीलाही जाऊन बसले. समजलं ते इथे मांडते. चुकलं असेल तिथे कान धरा.

हा पैसा येतो कुठून, ते मला सगळ्यात आवडलं. रॅम इमॅन्युएल महापौर असताना, 2016 साली, शहरानं नियम केला की डाउनटाउनमध्ये बिल्डरला ठरल्यापेक्षा जास्त मजले चढवायचे असतील तर त्याचे पैसे मोजायचे. आपल्याकडच्या प्रीमियम एफएसआयचाच भाऊ. जमलेल्या पैशातले 80 टक्के 'नेबरहुड ऑपर्च्युनिटी फंड'मध्ये जातात, 10 टक्के जुन्या वारसा-इमारतींना आणि 10 टक्के त्या बांधकामाच्या आसपासच्या कामांना. फंडातला पैसा साउथ, वेस्ट आणि साउथवेस्ट साइडच्या बाजारपेठांतच खर्च करायचा. म्हणजे लूपमध्ये, डाउनटाउनच्या गाभ्यात, काचेचा मनोरा चढला की त्याची झळ, चांगल्या अर्थानं, पार साउथ साइडच्या 63व्या रस्त्यापर्यंत पोचावी अशी कल्पना.

आता खोच. हा पैसा हातात मिळत नाही. आधी काम करायचं, बिलं चुकती करायची, ती सादर करायची, मग परतावा. कामाच्या टप्प्यांप्रमाणे काही मिळू शकतं, पण सुरुवातीची रक्कम खिशातूनच. मंजुरीपूर्वी केलेला खर्च धरत नाहीत. शिवाय अनुदान आहे ते बांधकामाला, दुरुस्तीला, आर्किटेक्टच्या फीला. पीठ, पगार, पहिल्या सहा महिन्यांचं भाडं, यातलं काहीही बसत नाही. खर्चाचा काही हिस्सा स्वतःचा घालावाच लागतो. आणि एक गंमत: शहराचं कुठलंही देणं थकलेलं चालत नाही, त्यात पार्किंगची तिकिटंही आली.

माझं मत सांगून टाकते. ज्याच्याकडे आधीच पैसा आहे किंवा ज्याला कर्ज मिळतं, त्यालाच हे अनुदान वापरता येतं. मैत्रिणीकडे आहे ती बचत आणि दोन हात. तिनं यात पडावं का? कोणी हे केलंय का? दुसऱ्या शहरातलेही अनुभव चालतील.

सडेतोड

पहिला प्रश्न माझा. मी टॅक्स भरायचा आणि त्यातून दुसऱ्याच्या हॉटेलात फरशी बसवायची, हे कशासाठी? 1974 साली शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचं पहिलं किराणा दुकान निघालं तेव्हा कुठल्या फंडानं त्यांना अडीच लाख दिले होते? धंदा चालणारा असेल तर बँक पैसे देते. बँक देत नाही म्हणजे काय ते समजा.

पोळपाट (शिकागो)

@सडेतोड, तुमच्या टॅक्सचा प्रश्न निदान या फंडात येत नाही. बिल्डर पैसे भरतो, त्याला त्या बदल्यात मजले मिळतात. दुसरी एक योजना आहे, 'स्मॉल बिझनेस इम्प्रूव्हमेंट फंड', तिला तुमचा आक्षेप लागू पडेल. तो पैसा टिफचा. एखाद्या भागाची हद्द आखायची, त्या दिवशीचा प्रॉपर्टी टॅक्स गोठवायचा, पुढची 23 वर्षं त्यावर जो वाढीव टॅक्स येईल तो त्याच भागासाठी वेगळा ठेवायचा. शाळा, पार्क यांच्या वाट्याला जाऊ शकला असता असा पैसा तो. त्यावर इथेही लोक कडाडून भांडतात. त्या योजनेत अर्ज जास्त आणि पैसा कमी झाला की चिठ्ठ्या टाकतात!

आणि बँकेचं म्हणाल तर साउथ साइडच्या कितीतरी वस्त्यांना 1930च्या दशकात सरकारी नकाशांवर लाल रंग दिला गेला आणि बँकांनी त्यांना बाहेर ठेवलं. तिथे बँक देत नाही याचा अर्थ धंदा वाईट असाच होत नाही.

मुकामपोस्ट (शिकागो)

मी आर्किटेक्ट आहे, अशा लहान किचनची कामं बरीच केली आहेत. अनुदानाचं नंतर बोलू, आधी त्या टाकेरियाबद्दल बोलतो.

बंद हॉटेल मिळालं म्हणजे किचन तयार मिळालं, असा गोड समज घेऊन लोक येतात. मैत्रिणीला म्हणावं, सही करण्याआधी शिडी लावून छतावर जा. एक्झॉस्ट फॅनच्या भोवतीचं डांबर तेलानं भिजून मऊ झालंय का ते पायानं दाबून बघ. मग खाली येऊन हूडच्या (चुलीवरचा धूर ओढणाऱ्या झाकणाच्या) वरचं सीलिंगचं पॅनल सरकव आणि डक्टवर, म्हणजे धूर छतावर नेणाऱ्या पत्र्याच्या नळीवर, टॉर्च मार. डक्टचे सांधे सलग वेल्ड केलेले हवेत. पत्रा एकात एक खुपसून स्क्रू मारले असतील तर ते सगळं काढून नवीन करावं लागणार, आणि डक्ट दोन मजले चढून छतावर जात असेल तर तोच खर्च बाकीच्या सगळ्या किचनइतका होतो. हूडखालच्या आग विझवण्याच्या यंत्रणेला एक टॅग लटकत असतो, दर सहा महिन्यांनी तपासल्याचा. त्यावरची शेवटची तारीख बघ. जागा खरी किती दिवस बंद आहे ते घरमालकापेक्षा तो टॅग जास्त खरं सांगतो.

ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी) कुठे आहे, किती मोठा आहे, तेही बघा. तीन कप्प्यांचं सिंक, हात धुवायचं वेगळं सिंक, पोछ्याचं वेगळं. भाकरीला तेल लागत नाही हे खरं, पण भरली वांगी आणि फोडण्या आल्या की इन्स्पेक्टर ग्रीसचाच हूड मागणार.

आता अनुदान. अशी कामं परताव्यात बसतात, हे खरं. पण कंत्राटदार थांबत नाही. तो अर्धे पैसे हातात घेतल्याशिवाय पत्रा कापत नाही.

शेंगदाणा_कूट (डेट्रॉइट)

आमच्या इथलं सांगतो. डेट्रॉइटमध्ये 'मोटर सिटी मॅच' नावाची योजना 2015 पासून चालू आहे. शहर दिवाळखोरीतून नुकतं बाहेर आलं होतं, रिकाम्या इमारती ढिगानं. त्यांनी विचार उलटा केला: एका बाजूला जागा नसलेले धंदेवाले, दुसऱ्या बाजूला धंदा नसलेल्या जागा, यांची लग्नं लावायची. दर तिमाहीला पाच लाख डॉलर वाटायचे, एका धंद्याला जास्तीत जास्त एक लाख. पैसा मुख्यतः केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याकडून येणारा.

मला त्यातली चांगली गोष्ट वाटते ती टप्प्यांची. सगळ्यांना एकदम रोख देत नाहीत. कुणाला फक्त धंद्याचा आराखडा करायला मदत, कुणाला जागा शोधायला, कुणाला आर्किटेक्टचे नकाशे करून देतात, आणि रोख अनुदान सगळ्यात शेवटी. नुसते नकाशे मिळाले तरी पुढची वाट सोपी होते.

उदाहरण द्यायचं तर 'बाओबाब फेअर'. बुरुंडीहून निर्वासित म्हणून आलेलं जोडपं. 2017 साली त्यांनी इथल्या 'हॅच डेट्रॉइट' स्पर्धेत 50 हजार डॉलर जिंकले, मोटर सिटी मॅचचंही अनुदान मिळालं. हॉटेल उघडलं कधी? 2021 च्या सुरुवातीला. मध्ये कोव्हिड आला हे मान्य, तरी जवळपास चार वर्षं. त्या काळात पॉप-अप, म्हणजे तात्पुरते ठेले, लावून, लोकांना चव लावून त्यांनी नाव जिवंत ठेवलं. आता जेवायला बाहेर लोक उभे असतात. तर बक्षीस मिळालं की पुढच्या महिन्यात दार उघडेल, या हिशेबानं कुणी नोकरी सोडू नये.

परळ_नाका (मुंबई)

धागा वाचून हसू येतंय, कारण आपल्याकडे हे सगळं होऊन गेलंय, फक्त नाव वेगळं. 1995 साली युतीचं सरकार आलं आणि एक रुपयात झुणका-भाकर निघाली. सरकारनं मोक्याच्या सरकारी जागांवर केंद्रं दिली. स्टेशनबाहेर, हॉस्पिटलच्या कोपऱ्यावर, जिथे एरवी टपरी टाकायला माणूस आयुष्य घालवेल अशा जागा. एक रुपयात भाकरी परवडणं शक्यच नव्हतं, त्यामुळे वरचं सरकार भरणार. पुढे अनुदान आटलं, सरकार बदललं, योजना गुंडाळली. केंद्रं मात्र जिथल्या तिथे.

आमच्याकडे एक होतं. निळा पत्रा, वर 'झुणका भाकर केंद्र' ही पाटी, आणि काउंटरवर काचेच्या कपाटात शेजवान चटणीची बरणी. भाकरी मागितली तर पोरगा म्हणायचा, "काका, हाका नूडल्स आहे." पाटी काढली असती तर जागा गेली असती, म्हणून पाटी टिकली. हटवण्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले.

माझं म्हणणं इतकंच, शहर जेव्हा खाण्याच्या धंद्याला मदत करतं तेव्हा खरी मोलाची चीज जागा असते. पैसे खर्चून जातात, जागा हातात राहते. शिकागोत ती जागा कुणाच्या हातात राहते ते आधी बघा.

हिशेबनीस (न्यू जर्सी)

परळ_नाका यांनी बरोबर नस पकडली. मी लहान धंद्यांची टॅक्सची कामं करतो, त्यात तीन-चार खाण्याचे धंदे आहेत.

भाड्याच्या जागेत तुम्ही हूड, डक्ट, ग्रीस ट्रॅप, फरशी, प्लंबिंग घातलंत, तर ते इमारतीला चिकटलं. लीज संपली की ते घरमालकाचं. अनुदान तुमच्या नावावर, सुधारणा त्याच्या इमारतीत. दोन वर्षांनी त्यानं भाडं दीडपट केलं तर तुम्ही उठाल, आणि शहराच्या पैशावर तयार झालेलं किचन तो पुढच्याला जास्त भाड्यानं देईल. त्यामुळे अर्ज करण्याआधी लीज बघायची. पाच वर्षं अधिक पाच वर्षांचा पर्याय, भाडेवाढीची मर्यादा लेखी, आणि कुठलं सामान तुम्ही उचलून नेऊ शकता त्याची यादी. 'ट्रिपल नेट' लीज असेल तर प्रॉपर्टी टॅक्सही भाडेकरूच्या गळ्यात. म्हणजे तुमच्यामुळे इमारतीची किंमत वाढली आणि वाढलेला टॅक्स भरायचा तुम्हीच, असा मजेशीर प्रकार होतो.

दुसरं, कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. धंद्याला मिळालेलं अनुदान साधारणपणे करपात्र उत्पन्न असतं. एका वर्षात लाख डॉलर परतावा आला आणि खर्च मात्र घसाऱ्याच्या रूपानं पुढच्या अनेक वर्षांत विभागला, तर त्या एका वर्षी चांगलाच टॅक्स बसू शकतो. काही खर्च लवकर वजा करून घेता येतात, पण त्यासाठी आधी अकाउंटंटकडे जायचं, मार्च महिन्यात नाही.

सडेतोड

म्हणजे शेवटी पैसा घरमालकाकडेच. मी काय म्हणत होतो?

पोळपाट (शिकागो)

@सडेतोड, तुम्ही हे म्हणत नव्हतात. :)

पण तुमच्या बाजूनं एक उदाहरण मीच देते. इंगलवूड, साउथ साइड. 63वा रस्ता आणि हॉलस्टेड यांच्या कोपऱ्यावर 2016 मध्ये होल फूड्स हे महागडं साखळी किराणा दुकान आलं. त्या सगळ्या संकुलासाठी शहरानं टिफमधून एक कोटी सात लाख डॉलर घातले. केवढा गाजावाजा झाला होता! नोव्हेंबर 2022 मध्ये दुकान बंद. सहा वर्षं. नंतर त्या जागी स्वस्तातलं सेव्ह अ लॉट आणायचं ठरलं तेव्हा वस्तीतले लोक निदर्शनं करत रस्त्यावर उतरले, की आम्हाला विचारलं का?

याच्यासमोर वेस्ट साइडच्या ऑस्टिनमधलं 'फॉर्टी एकर्स फ्रेश मार्केट' ठेवा. 2018 मध्ये एका बाईंनी पॉप-अप भाजीबाजार भरवून सुरुवात केली. मग घरपोच भाजी. मग शिकागो अव्हेन्यूवरची जुनी इमारत, शहराचं अनुदान, इतर देणग्या, बांधकामाचे घोळ. पक्कं दुकान उघडलं 2025 मध्ये. साखळी दुकानाला आतबाहेर करायला जितका वेळ लागला, त्याहून जास्त वेळ या बाईंना नुसतं दार उघडायला लागला. दोन्हीकडे शहराचाच पैसा. मोठ्या कंपनीच्या मागे बिल भरायला माणसं असतात, वाट बघायला भांडवल असतं. एकट्या बाईला तीच वाट बघणं महाग पडतं. अनुदानाची रक्कम वाढवण्यापेक्षा ते देण्याची पद्धत बदलली तर जास्त फरक पडेल, असं माझं दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय.

आंबेहळद (पुणे)

मी बचत गटांबरोबर काम करते, त्यामुळे हा 'आधी खर्च, मग पैसे' प्रकार माझ्या रोजच्या जेवणातला.

शिवभोजन थाळी घ्या. 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात, गिऱ्हाइकाकडून दहा रुपये. शहरात थाळीचा दर पन्नास धरलेला, म्हणजे वरचे चाळीस सरकारकडून. कोव्हिडमध्ये आधी पाच रुपये केली, नंतर काही काळ फुकट दिली. कित्येक केंद्रं गटांतल्या बायका चालवतात. तांदूळ-डाळीचं दुकान, गॅसवाला, भाजीवाली, सगळ्यांना रोजचे पैसे लागतात. सरकारकडचे चाळीस रुपये मात्र कधी महिन्यानं, कधी कित्येक महिन्यांनी. थकबाकीसाठी केंद्रचालकांनी आंदोलनं केल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. माझ्या ओळखीतल्या एका गटाच्या अध्यक्षीणबाईंनी मधला काळ काढायला पाटल्या गहाण ठेवल्या. त्या म्हणाल्या, "लोकांना वाटतं सरकार आम्हाला पोसतंय. आम्हीच सरकारला बिनव्याजी उधार देतोय."

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 ला केंद्राची योजना आली, पीएमएफएमई. पापड, मसाले, लोणची, शेवया यांच्यासाठी उत्तम. खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त दहा लाख अनुदान. पण ते कर्जाला जोडलेलं. बँकेनं आधी कर्ज मंजूर करायचं, अनुदान बँकेत वेगळं ठेवलं जातं आणि तीन वर्षं धंदा आणि कर्ज नीट चाललं तर ते कर्जात वळतं. तत्त्वतः मला हे पटतं, पाटी लावून पळणारे गाळले जातात. पण बँकेचा मॅनेजर तयार नसेल तर 35 टक्के काय नि 90 टक्के काय.

उलट, फेरीवाल्यांची स्वनिधी योजना अनुदान नाहीच, कर्ज आहे. सुरुवातीला दहा हजार, फेडले की वीस, मग पन्नास. 2025 मध्ये पहिले दोन टप्पे पंधरा आणि पंचवीस हजार केले. वेळेवर फेडलं तर व्याजात सात टक्के सवलत. रक्कम चिमुकली, पण ती *आधी* हातात येते. वडापावच्या गाडीवाल्याला सकाळी तेलाचा डबा आणता येतो. माझ्या बायका त्या लाखांच्या योजनेपेक्षा या हजारांच्या योजनेबद्दल जास्त बरं बोलतात.

परळ_नाका (मुंबई)

+१. आणि मुंबई महापालिकेनं बायकांना घरघंटी, शिवणयंत्रं, मसाला कांडप यंत्रं दिली होती, तेही मला याच जातीचं वाटतं. वस्तू दारात येते, परतावा नाही, बिल नाही. अर्थात चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत कांडप यंत्र लावलं की शेजारीण भांडायला येते, तो भाग वेगळा.

चकलीचा_सोऱ्या (न्यू जर्सी)

मी वर्षानुवर्षं दिवाळीचा फराळ करून देते. माझा मुद्दा जरा वेगळा आहे: शहरानं पैसे दिले नाहीत तरी चालतील, दार तरी उघडा!

न्यू जर्सीत 2021 च्या ऑक्टोबरपर्यंत घरी केलेला पदार्थ विकणं कायद्यात बसतच नव्हतं. बाकी राज्यांनी कधीच परवानगी दिली होती, आम्ही शेवटचे. आता परमिट मिळतं, वर्षाला 50 हजार डॉलरपर्यंत विक्री चालते, पण फ्रीज लागत नाही असेच पदार्थ. म्हणजे शंकरपाळे चालतील, पुरणपोळीवर वाद घालावा लागेल, आणि वांग्याच्या भरीताचा डबा तर नाहीच. आमच्या सगळ्या एडिसन गावाला माहीत आहे डबे कुठून येतात, पण कागदावर कुणीच काही विकत नाही. ही बाई उद्या अनुदानाचा अर्ज करायला गेली तर मागच्या वर्षाचा धंदा काय दाखवणार? नियमात बसवून घेतल्याशिवाय अनुदानाची पायरीच येत नाही.

डोंगरी_ओढा (बे एरिया)

@चकलीचा_सोऱ्या, कॅलिफोर्नियात घरच्या स्वयंपाकघरातून जेवण विकायचा कायदा 2019 पासून आहे. काउंटीनं स्वीकारला असेल तरच लागू. दिवसाला 30 जेवणं, आठवड्याला 90, वर्षाला साधारण एक लाख डॉलरची मर्यादा. नेहमीची तपासणी फार तर वर्षातून एकदा, हूड-बीडची भानगड नाही. माझ्या शेजारी एक बाई दर गुरुवारी कोंबडीवडे करतात, सगळं कायदेशीर.

सॅन फ्रान्सिस्कोत 'ला कोसिना' ही संस्था 2005 पासून स्थलांतरित बायकांना किचन आणि धंद्याचं शिक्षण देते, ती नावाजलेली. त्यांनी शहराच्या मदतीनं तिथल्या टेंडरलॉइन वस्तीत 2021 ला बायकांच्या ठेल्यांचं फूड हॉल काढलं होतं. कल्पना सुरेख, पण ऑफिसं ओस पडलेली, दुपारचं गिऱ्हाईक गेलेलं. 2023 मध्ये लोकांसाठी बंद करावं लागलं. चांगली संस्था, चांगलं अन्न, शहराचा पाठिंबा, सगळं होतं. रस्त्यावर माणसंच नव्हती.

मुकामपोस्ट (शिकागो)

हे फार महत्त्वाचं. पोळपाट, मैत्रिणीला त्या टाकेरियासमोर मंगळवारी दुपारी उभं राहून किती माणसं जातात ते मोजायला सांगा. शनिवारी मोजू नका, शनिवारी सगळेच रस्ते गजबजलेले असतात.

आणि तिनं 'द हॅचरी' बघितलं का? ईस्ट गारफील्ड पार्कमध्ये, केडझी अव्हेन्यूवर. खाण्याच्या धंद्यांसाठीच बांधलेली 67 हजार चौरस फुटांची इमारत, आत पन्नासहून जास्त स्वतंत्र किचन, शिवाय तासावर मिळणारं सामायिक किचन. तिथे हूड, ग्रीस ट्रॅप, कूलर ही सगळी डोकेदुखी दुसऱ्याची. ती इमारत उभी करण्यातली एक भागीदार संस्था लहान कर्जंही देते. बँक ज्यांना दारात उभं करत नाही अशांना कर्ज देणाऱ्या ज्या संस्था इथे आहेत त्यांतली ती एक. अनुदान मंजूर झाल्याचं पत्र दाखवलं तर परतावा येईपर्यंतच्या काळासाठी कर्जाचं बोलणं करता येतं. व्याज पडतं, फुकट नाही. पण पाटल्या गहाण ठेवण्यापेक्षा बरं.

सडेतोड

आंबेहळद यांची ती पाटल्यांची गोष्ट डोक्यात बसली. माझा विरोध कायम आहे, पण सुधारित: द्यायचं तर आधी द्या, थोडं द्या आणि परत घ्या. म्हणजे कर्ज. फुकट देऊन उशिरा देणं यात दोन्हीकडून नुकसान.

आंबेहळद (पुणे)

सडेतोडराव, इतकं पटलं तुम्हाला तर या एकदा गटाच्या मीटिंगला. बायका तुम्हाला वसुली अधिकारी करतील.

शेंगदाणा_कूट (डेट्रॉइट)

पण सगळं कर्जावर टाकूनही चालणार नाही हो. डक्ट, प्लंबिंग, जुन्या इमारतीतलं शिशाचं पाइप काम, हे भाकरीच्या विक्रीतून कधीच वसूल होत नाही. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेल्या इमारतीचा तो खर्च आहे, धंद्याचा नव्हे. त्याला अनुदानच हवं. फक्त ते बिल थेट कंत्राटदाराला चुकतं करा, बाईच्या बचतीतून फिरवून आणू नका.

पोळपाट (शिकागो)

सगळ्यांचे आभार. सगळा धागा मैत्रिणीला वाचून दाखवला. झुणका-भाकर केंद्रातल्या हाका नूडल्सवर ती पोट धरून हसली आणि लगेच म्हणाली, "माझ्या दुकानात नूडल्स दिसले तर मला हाकल."

तिनं शिडी लावली. डक्ट स्क्रूचीच निघाली. आग विझवण्याच्या टॅगवरची तारीख बघून घरमालकाच्या "अहो, आत्ताच तर बंद झालंय" या वाक्याचाही निकाल लागला. पण यातून तिला बोलायला मुद्दा मिळाला. तिनं त्याला सांगितलं: डक्ट तुझ्या इमारतीची आहे, निम्मा खर्च तू कर, लीज पाच अधिक पाच, आणि अनुदान मंजूर झालं तरच भाडं सुरू. पहिल्या दोन गोष्टींवर तो विचार करतोय, तिसरीवर तोंड वाकडं केलंय. बघू. तो नाही म्हणाला तर ही जागा सोडायची, एवढं ठरलंय.

तोवर सामायिक किचन चालू, आणि आता शनिवार-रविवारसोबत बुधवारही. बुधवारचं गिऱ्हाईक टिकलं तर पुढच्या फेरीला अर्ज करायला विक्रीचे आकडे हातात असतील. कर्ज देणाऱ्या संस्थेकडेही भेटीची वेळ घेतली आहे. हो, आणि नवऱ्याच्या नावावर निघालेली पार्किंगची दोन तिकिटं भरून टाकली.

हिशेबनीस (न्यू जर्सी)

छान चाललंय. एकच विचारतो, डबा कितीला विकते?

पोळपाट (शिकागो)

दोन भाकरी, पिठलं, एक भाजी, खर्डा, कांदा: बारा डॉलर. ज्वारीचं पीठ महाग पडतं म्हणून तेरा करायचा विचार आहे.

हिशेबनीस (न्यू जर्सी)

चौदा करा. आणि बुधवारी किती डबे जातात, एका डब्याला पीठ-भाजी-डबा-पिशवी मिळून किती लागतात, किचनचं तासाचं भाडं किती, हे तीन आकडे मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. त्या टाकेरियाचं भाडं सुटायला रोज किती डबे जावे लागतील ते रविवारपर्यंत काढून देतो.